सट्टा आणि शरीअत

मुंब्र्याहून वा कल्याणाहून सकाळच्या लोकलनें मुंबईस जाणाऱ्या मुसलमान तरुणांच्या तोंडीं हल्लीं एक युक्तिवाद वारंवार ऐकूं येतो: "ही कंपनी शरीअतेच्या निर्देशांकांत आहे, मग तिच्या ऑप्शनांचा सौदा हराम कसा?" मुंबई शेअरबाजारांत असा निर्देशांक २०१० मध्यें निघाला, हें खरें. परंतु त्यांत परीक्षा होते ती कंपनीची: ती मद्याचा, जुगाराचा अथवा व्याजबट्ट्याचा धंदा करिते काय, तिचें कर्ज किती, इत्यादि. सौद्याची परीक्षा त्यांत होतच नाहीं. द्राक्षें हलाल म्हणून त्यांची दारूहि हलाल म्हणावी, त्यांतलाच हा प्रकार!

कुराणानें व्यापारास मुभा दिली. व्याज आणि मैसिर, म्हणजे जुगार, हीं दोन्हीं निषिद्ध ठरविलीं. आपल्यापाशीं नसलेली वस्तु विकूं नये, असा हदीसचा दंडक आहे. यावर कोणी म्हणेल, सलमच्या सौद्यांत तरी माल हजर कोठें असतो? नसतो, हें कबूल. पण तेथें भिवंडीच्या मागवाल्याच्या पदरांत पूर्ण किंमत आधीं पडते, आणि ठरल्या दिवशीं ठरल्या प्रतीचें कापड त्यास द्यावेंच लागतें. निफ्टीच्या ऑप्शनांत कोणता माल कोणाच्या घरीं जातो? चुकता होतो तो केवळ फरक. कंपन्यांच्या ऑप्शनांत मुदतीअखेर शेअर द्यावे लागतात, ही सबबहि पुरी पडत नाहीं. कारण विकला जातो तो ठराविक भावानें घेण्याचा वा देण्याचा नुसता हक्क, आणि असा हक्क विक्रीचा विषय होऊं शकत नाहीं, असा निर्णय आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनें १९९२ मध्यें जेद्द्यास दिलेला आहे.

प्रतिपक्षास आधारच नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. मोहंमद हाशिम कमाली यांच्यासारख्या विद्वानानें वायदे व ऑप्शन यांचें समर्थन केलें असून, भावाच्या चढउतारापासून उत्पादकाचें संरक्षण हा त्यांतील एक मुद्दा आहे. पण कापूस पिकविणाऱ्यास जें संरक्षण, तें पगाराच्या पैशांतून फोनवर सौदे करणाऱ्या कारकुनास कशाचें? त्याच्यापाशीं राखावयाचा मालच नाहीं!

सेबीच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांच्या वायदे-ऑप्शनांत उतरलेल्या शंभर व्यक्तींपैकीं ९३ जणांस तोटा आला, आणि तो माणशीं सरासरी सुमारें २ लाख रुपये. तोटा येतो म्हणून सौदा हराम ठरत नाहीं. तोटा व्यापारांतहि येतो. पण व्यापारांत माल व श्रम यांमुळें दोघांचेंहि कल्याण होऊं शकतें. येथें एकाचा लाभ म्हणजे दुसऱ्याचा तोटाच.

शेअर पुरी किंमत देऊन घ्यावा, आपल्या नांवावर करावा, कंपनीच्या नफ्यातोट्यांत भागीदार व्हावें. ही वाट मोकळी आहे. ज्यास सट्टाच खेळावयाचा असेल त्यानें तो आपल्या जबाबदारीवर खेळावा. शरीअतेस त्यांत जामीन ठेवूं नये.