'झाड काढलं की अपघात थांबतील': गंगापूर रोडच्या वादात तर्क नेमका कुठे चुकतो?

नाशिकमध्ये अशोकस्तंभापासून गंगापूर गावाकडे जाणारा गंगापूर रोड रुंद झाला, तेव्हा काही जुनी झाडं थेट रस्त्यात आली. त्यांच्यावर वाहनं आदळून जीवही गेले. झाडं काढा म्हणणारे आणि वाचवा म्हणणारे, असे दोन गट पडले. शहरातल्या वृक्षतोडीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. 2027 च्या कुंभमेळ्यासाठी तपोवनात साधुग्राम उभारायचं ठरलं आणि 2025 च्या अखेरीस तोच वाद नव्याने पेटला.

दोन्ही वेळी सोशल मीडियावर ठाम विधानांचा पाऊस पडला. त्यातली अनेक विधानं ऐकताक्षणी पटतात, पण तपासायला गेलं की टिकत नाहीत. ती तपासायची एक सोपी पद्धत आहे.

पद्धत काय आहे?

युक्तिवादाचा साचा तसाच ठेवायचा आणि विषय बदलायचा. नव्या विषयात निष्कर्ष हास्यास्पद निघाला, तर चूक साच्यातच आहे. मग तोच साचा मूळ विषयातही काही सिद्ध करू शकत नाही. झाडांबद्दल आपली मतं आधीच पक्की असतात, त्यामुळे तिथली चूक दिसत नाही. विषय बदलला की ती लगेच दिसते.

युक्तिवाद 1: 'गाड्या झाडावर आदळतात. म्हणून झाड काढलं की अपघात थांबतील.'

याच साच्यातलं दुसरं वाक्य पाहा: 'गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीला लागतं. म्हणून मारुती हलवला की पूर येणार नाही.' नाशिककर यावर हसतील. पुराची पातळी मारुतीवरून कळते, पण पूर येतो तो पावसाने आणि गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याने.

घटना जिथे दिसते, तेच तिचं एकमेव कारण मानणं ही इथली चूक आहे. रस्त्यातलं झाड धोकादायक असू शकतं. पण ते ठरवायला गाडीचा वेग, रस्त्यावरचा उजेड, झाडावरचे रिफ्लेक्टर आणि अपघाताची वेळ ही माहिती लागते.

युक्तिवाद 2: 'झाड आधीपासून आहे, रस्ता नंतर आला. म्हणून झाडाला हात लावायचा नाही.'

आता हे बघा: 'वाडा शंभर वर्षांपासून उभा आहे, शेजारची शाळा नंतर आली. म्हणून पडायला आलेल्या वाड्याला हात लावायचा नाही.' पावसाळ्यात जुने वाडे कोसळल्याच्या बातम्या वाचणाऱ्या नाशिककरांना हे पटणार नाही.

आधीपासून असणं हे जपण्याचं एक कारण असू शकतं, पण तेवढ्याने निर्णय होत नाही. झाड वाचवायचं असेल तर रस्ता वळवता येतो का, दुभाजकात झाड सामावून घेता येतं का, हे मुद्दे जास्त वजनदार आहेत.

युक्तिवाद 3: 'ठेकेदारांना झाडं तोडलेली हवी असतात. यालाही हवी आहेत. म्हणजे हा ठेकेदारांचा माणूस.'

साचा तोच: 'मिसळ खाणारे पाव मागतात. वडा खाणाराही पाव मागतोय. म्हणजे तो मिसळच खातोय.' दोघांची मागणी एक असली म्हणून दोघं एक होत नाहीत. अपघातात घरातलं माणूस गमावलेली व्यक्तीही झाड काढा म्हणू शकते.

झाडं वाचवा म्हणणाऱ्याला 'विकासविरोधक' ठरवतानाही हाच साचा वापरला जातो.

युक्तिवाद 4: 'एक तोडू, दहा लावू. म्हणजे नऊ झाडांचा फायदा.'

याला समांतर वाक्य: 'हॉस्पिटलमधून एक अनुभवी सर्जन गेले, पहिल्या वर्षाचे दहा विद्यार्थी आले. म्हणजे नऊ डॉक्टरांचा फायदा.' 'झाड' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला की असा हिशेब जुळतो. जुन्या वडाची सावली आणि त्यावरची पक्ष्यांची घरटी नव्या रोपाकडे नसतात.

कायद्यानेही हा फरक मानला आहे. झाडांच्या जतनासाठी महाराष्ट्रात 1975 चा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना 'हेरिटेज' दर्जा मिळाला. तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी झाडं लावण्याची अटही आली. म्हणजे मोजणी नुसत्या संख्येची नाही, वयाचीही आहे.

ही पद्धत वापरताना काय सांभाळायचं?

पहिली गोष्ट, साचा खरोखर तोच हवा. 'झाडांवर बोलता, मग तुमच्या घरातल्या लाकडी फर्निचरचं काय?' हे समांतर उदाहरण नाही. इथे फक्त विषय बदलला, मूळ प्रश्न तसाच राहिला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. युक्तिवाद चुकला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. पहिला युक्तिवाद कोसळला, तरी गंगापूर रोडवरचं एखादं झाड खरंच हलवावं लागेल. चौथा कोसळला, तरी नवी झाडं लावणं चुकीचं होत नाही. फक्त त्या निष्कर्षासाठी वेगळा आणि पक्का पुरावा द्यावा लागतो.

झाड एकदा तोडलं की परत आणता येत नाही आणि रस्त्यात गेलेला जीवही परत येत नाही. म्हणून आपल्या बाजूची पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी तिचा साचा विरुद्ध बाजूच्या तोंडी घालून पाहावा. तिथे तो पटत नसेल, तर आपल्या बाजूनेही तो वापरता येणार नाही.