तिथी गुणिले पाऊण

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर सध्या दुधाच्या हिशेबाच्या जोडीला पेन्सिलीने वेळा लिहिलेल्या आहेत. फाल्गुन शुद्ध तृतीयेच्या चौकोनात ‘सव्वा आठ’ असं लिहून त्याभोवती दोनदा गोल केलाय. घरी येणारे विचारतात, मुहूर्त कसला? मुहूर्तच आहे, पण समुद्राचा.

मांडव्यापासून किनारा धरून दक्षिणेला जायचं, रोज नव्या गावात मुक्काम करायचा, असा बेत गेली चार वर्षं आमच्या घरात शिजतोय. त्याआधी तो एकदा करपला होता. ती गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पेन्सिलीचा उलगडा होईल.

तेव्हा मी मोबाइलवरचा नकाशा उघडून, अंतरं मांडून, ताशी चाळीसने भागून मोकळा झालो होतो. दापोलीत जेवण जरा लांबलं. पुढे एके ठिकाणी कोकम सरबत, मग हिचं फोटो काढणं, आणि दाभोळच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा चांगलाच अंधार झालेला. समोर वाशिष्ठीच्या काळ्या पाण्यावर एक दिवा हळूहळू धोपाव्याकडे सरकत होता. धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या माणसाने वर न बघता सांगितलं, “गेली. शेवटची होती.” पलीकडच्या काठावरच्या माणसांच्या घरातली ट्यूबलाइट दिसत होती. बोटीने दहा-पंधरा मिनिटांचं पाणी. रस्त्याने जायचं तर उलटं दापोली, मग खेड, चिपळूण आणि तिथून गुहागर, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वरचा वळसा. तो घेतला. मध्यरात्री गुहागरला पोचलो तेव्हा ज्यांच्याकडे उतरायचं होतं त्या काकू ओटीवर खुर्ची टाकून बसलेल्या. “आमटी तिसऱ्यांदा गरम करत्ये,” एवढंच म्हणाल्या. त्या आमटीचा घास घशाखाली उतरेना, इतकी लाज वाटली.

चूक कुणाची नव्हती, माझीच होती. बोटीचं वेळापत्रक धक्क्यावर लिहिलेलं होतं. ते मला नकाशावर हवं होतं.

नकाशावर कोकणचा किनारा सरळ दिसतो. प्रत्यक्षात तो फणीसारखा आहे. सह्याद्रीतून उतरलेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना खाडी होऊन रस्ता तोडते. रेवदंड्याला कुंडलिका आहे, तिच्यावर पूल आहे. पण पुढे आगरदांडा ते दिघी राजपुरीची खाडी, बागमांडला ते वेशवी सावित्री, दाभोळ ते धोपावे वाशिष्ठी आणि तवसाळ ते जयगड शास्त्री, या चार ठिकाणी गाडीसकट बोटीत चढायचं. या बोटीला तिथे जंगलजेट्टी म्हणतात. आमच्या पुण्याच्या मेव्हण्याला पहिल्यांदा हा शब्द ऐकून वाटलं होतं, की जंगलातून जायचंय. त्याने डास पळवायचं मलम आणलं होतं.

रेवस ते रेडी असा सलग सागरी महामार्ग व्हावा हे बॅ. अंतुल्यांचं स्वप्न. ते 1980 ते 1982 मुख्यमंत्री होते. त्यांचं गाव आंबेत सावित्रीच्याच काठचं. रस्ता सुमारे 500 किलोमीटरचा. तो तुकड्यातुकड्याने झाला, खाड्या राहिल्या. बाणकोटच्या खाडीत पुलाचे नुसते खांब वर्षानुवर्षं उभे असलेले आम्ही बोटीतून पाहिलेत, त्यांच्यावर बगळे बसलेले. आता मोठमोठ्या पुलांची पुन्हा धावपळ सुरू आहे. मला मनातून वाटतं, दोन-चार वर्षं आणखी लागली तर बरं. हे मी मागे एकदा बोटीवर मोठ्याने बोललो. शेजारी एक बाई मुलाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, “तुम्ही वर्षातनं एकदा येता. आमचा पेशंट रात्री दोनला असतो.” त्यानंतर मी हे वाक्य फक्त मनात म्हणतो.

तर यंदा बेताची सूत्रं शेजारच्या काकांकडे दिली. काका एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले, मूळचे श्रीवर्धनकडचे. त्यांना मी मुक्कामाची यादी दाखवली. मुरुड-जंजिरा, हरिहरेश्वर, आंजर्ले, गुहागर, गणपतीपुळे, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले. सात रात्री, आठ गावं. काका बराच वेळ यादीकडे बघत होते. मग म्हणाले, “ही गाडी मीसुद्धा चालवली नसती.”

त्यांचा पहिला नियम असा की, किनाऱ्याच्या रस्त्यावर तासाला पंचवीस किलोमीटर धरायचे, त्याहून एकही जास्त नाही. हे रस्ते वाड्यांमधून जातात. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, त्यावर वाळत घातलेल्या गोधड्या, मध्ये एका गाडीपुरती वाट. समोरून एसटी आली की तुम्ही मागे जायचं. ती जात नाही. मी वेळणेश्वरच्या अलीकडे असा पाऊणशे पावलं मागे गेलोय. ही खाली उतरून हात हलवत होती, मी तिचे हात बघू की गडगा बघू या विवंचनेत. शेवटी कंडक्टर उतरला, माझ्या खिडकीशी येऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, “वहिनींकडे बघू नका, आरशात बघा.” हे वाक्य आमच्या संसारात पुढे बरंच वापरलं गेलं.

दुसरा नियम मुक्कामाचा. काका म्हणाले, वस्तीची गाडी जिथे जाते तिथे राहा. शहरातल्या वाचकांना सांगायला हवं, की वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळी गावात येऊन रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे परत निघणारी एसटी. जिथे चालक-वाहकाला रात्री निजायला जागा आणि पोटाला भाकरी मिळते, तिथे तुम्हालाही मिळेल. शिवाय तिथला रस्ता एसटीच्या लायकीचा असतो, म्हणजे तुमच्या गाडीच्या आहेच आहे. हॉटेलांना तारे देणाऱ्यांनी या कसोटीचा विचार करायला हरकत नाही.

तिसरा नियम भरतीचा, आणि पेन्सिल इथे येते.

किनाऱ्यावर हे गणित पोरांनाही येतं. तिथीला पाऊणने गुणायचं, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. भरती सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला साधारण मध्यान्ह आणि मध्यरात्र. त्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, की ओहोटी. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा येतो. तिथी चंद्राची, म्हणून गणित जुळतं. घड्याळाच्या मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण सहलीला पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा समुद्र जेमतेम हलतो.

याचा आम्हाला उपयोग काय, तर हरिहरेश्वरची प्रदक्षिणा. देवळामागच्या डोंगराला वळसा घालून वाट खाली उतरते ती थेट समुद्राच्या खडकांवर. लाटांनी खडकाला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पाडलीत, त्यांवरून चालत परत देवळाशी यायचं. ही वाट ओहोटीलाच मोकळी असते. भरतीत तिथून माणसं वाहून गेलेली आहेत, त्यामुळे यात हौस चालत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात ओहोटी हवी, आणि पाणी चांगलं उतरलेलं हवं, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या जवळची तिथी हवी. तृतीया! तीन पाऊणे सव्वा दोन. त्यातून सहा गेले, सकाळी सव्वा आठ. चहा पिऊन निघायला अगदी बरोबर.

मी वद्य तृतीयेवर बोट ठेवलं. ही म्हणाली, “दुसऱ्या दिवशी काय आहे?” दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याचा मुक्काम आणि संध्याकाळी हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव. होड्यांमधून टोपल्या उतरतात, किनाऱ्यावर ढीग लागतात आणि बोली सुरू होते. तिथून पापलेट घेऊन घरमालकिणीच्या हातात द्यायचं, हा बेताचा गाभाच. “दुसऱ्या दिवशी चतुर्थी,” ही म्हणाली. “वद्य. म्हणजे संकष्टी.” हिची संकष्टी कडक. हर्णैला जाऊन साबुदाणा खाण्याइतका वैराग्यभाव आमच्यात अजून आलेला नाही. म्हणून पक्ष बदलला. शुद्ध तृतीयेलाही भरती-ओहोटीची वेळ तीच, पण पुढची चतुर्थी विनायकी, आणि ती आमच्याकडे कुणी करत नाही. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीलाही गर्दी कमी. मग वार बघितले. सोमवार, गुरुवार आडवे येत नाहीत ना. लग्नाच्या वेळी एवढं पंचांग कुणी पाहिलं नव्हतं.

फाल्गुन घेण्यात आणखी एक मतलब आहे. बाणकोटजवळच्या वेळासला तेव्हा ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर पडत असतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये तिथे अंडी राखायचं काम सुरू केलं. आधी ही अंडी माणसं आणि कोल्हीकुत्री खायची. आता घरटी कुंपणात असतात, आणि सकाळ-संध्याकाळ टोपल्या उघडून पाहतात. पिल्लं निघाली असतील तर पाण्याजवळ वाळूत सोडतात. नसतील तर तुम्ही टोपली बघून परत. आम्ही एकदा दोन सकाळी रिकाम्या टोपल्या बघून आलोय, आणि तिसऱ्या वेळी एकच पिल्लू निघालं. तळहाताहून लहान, काळं, ओलं. पहिल्या लाटेने त्याला उचलून परत आमच्याच पायाशी आणून टाकलं. दोरीमागे उभे असलेले साठ-सत्तर लोक एकदम ‘अरेरे’ म्हणाले. ते पालथं झालं होतं, वल्ह्यांसारखे पाय हलवत सरळ झालं, पुन्हा निघालं. चौथ्या लाटेत गेलं.

बाकीच्या वाटेबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनी फोटो पाहिलेले असतात. फक्त रेवदंड्याला थांबणार आहोत. अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी 1469 च्या सुमाराला जवळच्याच चौलच्या बंदरात उतरला, वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. विकायला सोबत एक घोडा आणलेला. आतल्या मुलखात निघाला आणि पावसात जुन्नरला अडकून पडला. तिथल्या सरदाराने घोडाही काढून घेतला होता, तो मोठ्या मिनतवाऱ्यांनी परत मिळाला. बेत फसलेल्यांचा हा आमचा मूळ पुरुष. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे.

आता राहिला प्रश्न किती दूर जायचं. काकांनी यादीवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली ती गणपतीपुळ्याच्या खाली. मुरुड एक, हरिहरेश्वर दोन, आंजर्ले दोन, गुहागर दोन; जयगडची बोट धरून मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारेचा रस्ता बघत रत्नागिरी, आणि तिथून परत. विजयदुर्गापासून खालचं पुढच्या वर्षी. मी कुरकुरलो. मालवणची सोलकढी गेली, देवबागचा संगम गेला. शिवाय फाल्गुन शुद्ध पंचमीपासून शिमगा लागतो, ढोल ऐकू येणार, गावागावांत पालख्यांची तयारी, मग तर आणखी खाली जायला हवं, असा मी मुद्दा काढला. काका म्हणाले, “शिमग्याला चाकरमानी गावी येतात. रिकाम्या खोल्या कुणासाठी ठेवलेल्या नसतात. होळीच्या आत घरी या.” यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. एका मुक्कामी सलग दोन रात्री काढायच्या हे हिला आधीच पटलेलं होतं. तिचं म्हणणं, पिशव्या रोज उघडून रोज भरायच्या त्याला सहल म्हणत नाहीत, बदली म्हणतात.

काल हरिहरेश्वरला फोन लावला. ओळखीतून मिळालेला घरगुती सोयीचा नंबर. एका आजींनी उचलला.

“कधी येताय?”

इतके दिवस कालनिर्णयपुढे घालवल्यामुळे माझ्या तोंडून इंग्रजी तारीख निघालीच नाही. म्हटलं, “फाल्गुन शुद्ध द्वितीयेला संध्याकाळी. तृतीयेला सकाळी प्रदक्षिणा करायची आहे.”

पलीकडे क्षणभरही विचार नाही. “सव्वा आठची सुकती. पावणेआठला निघा, म्हणजे उतरतं पाणी मिळेल. दिघीवरून येणार ना? शेवटच्या बोटीवर राहू नका, आधीची धरा. मासे खाता?”

“खातो.”

“किती माणसं?”

“दोन.”

“आणि गाडी कसली? ती मोठी उंच असली तर आगरात शिरत नाही. देवळाशी लावावी लागेल.”

आमची लहानच आहे, असं मी सांगितलं. तरी त्यांनी रुंदी विचारली.