‘गरज नाही’ लिहिणाऱ्याची खुर्ची

विद्यापीठाच्या नियोजन विभागात नेमणूक झाली की सहकारी हळहळतात : बिचाऱ्याला बाजूला टाकलं. प्राध्यापकांचं बोलणं याहून तिखट. हा माणूस शिकवायचं सोडून तक्ते भरतो, त्याने केलेला पाच वर्षांचा आराखडा छापून होताच कपाटात जातो, आणि विद्यापीठ म्हणजे काय कंपनी आहे, की तिथे धोरण आखणारा अधिकारी लागावा?

शेवटचा आक्षेप आधी घेऊ. धोंडो केशव कर्वे यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढलं, त्यामागे जपानमधल्या महिला विद्यापीठाची पुस्तिका होती. पण त्यांनी नक्कल उतरवली नाही. कोणाला, काय आणि कोणत्या भाषेत शिकवायचं हे ठरवलं, मातृभाषेचं माध्यम पक्कं केलं आणि मग वर्ग भरवले. हे नियोजनच. कर्व्यांना कोणी कंपनीचा माणूस म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आता तक्ते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 107 नुसार पंचवार्षिक बृहत आराखडा सक्तीचा आहे आणि त्यात न बसणाऱ्या नव्या महाविद्यालयाचा अर्ज विचारातच घेता येत नाही. आराखड्यात नव्या महाविद्यालयासाठी दाखवलेल्या जागेला कचेरीत ‘स्थळबिंदू’ म्हणतात. तक्त्यात ती एक ओळ असते : तालुका, गाव, विद्याशाखा. चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं. गडचिरोलीहून त्याच जिल्ह्यातलं सिरोंचा सुमारे 200 किलोमीटर. अशा मुलखात ही ओळ कुठे पडते, यावर एखादी मुलगी पदवीला जाणार की बारावीनंतर घरी बसणार, हे ठरतं. म्हणून ओळ भरण्याआधी पाहावं लागतं : बारावीला मुलं किती, जवळच्या महाविद्यालयातल्या जागा भरतात का, संध्याकाळची शेवटची एसटी किती वाजता सुटते. संस्थाचालकाला मात्र बिंदू हवा असतो बाजारपेठेच्या गावी, जिथे आधीच चार महाविद्यालयं विद्यार्थी शोधत फिरतात. तिथे ‘गरज नाही’ असा कारणांसह शेरा लिहायला कारकुनी पुरत नाही, कणा लागतो.

आराखडा कपाटात जातो, हा आक्षेप मात्र बहुतांशी खरा आहे. आखलेलं अमलात किती आलं, हे मूल्यांकन करणारी ‘नॅक’ही विचारते आणि तेवढ्यापुरती फाईल बाहेर निघते. पण दोष कोणाचा? आराखडा पुढे न्यायचा त्या अधिष्ठात्यांची मुदत कुलगुरूंच्या मुदतीला बांधलेली. कुलगुरू बदलले की अधिष्ठातेही बदलतात. त्यात नियोजनाचा अतिरिक्त कार्यभार एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात. राखणदार न ठेवता शेत सोडायचं आणि पीक आलं नाही म्हणून बियाण्याला नावं ठेवायची, असला हा प्रकार.

म्हणून ही नोकरी कमी करायची नाही, पुरती करायची. सांख्यिकीच्या टेबलावर सुरुवात, मग संलग्नता, परीक्षा, वित्त अशा विभागांतून फिरून पंधरा वर्षांनी नियोजनाची पूर्णवेळ जबाबदारी. निर्णय प्राधिकरणांचाच राहो; पण आखलेल्यातलं काय झालं आणि काय राहिलं, याचा हिशेब दर वर्षी अधिसभेपुढे मांडण्याचा हक्क या माणसाला हवा.

संस्थाचालकाचा नाकारलेला तोच अर्ज नव्या शिफारसपत्रासह पुन्हा येतो. मागच्या खेपेला ‘गरज नाही’ का लिहिलं होतं, हे सांगणारा माणूस तेव्हा त्या खुर्चीत असला पाहिजे.