पायांचा ताठरपणा आणि मनाची धास्ती

चाकणच्या पंचक्रोशीतून एका बंधूंचे पत्र आले आहे. ते कारखान्यात पाळीवर जातात. घरी थोडा कांदा-बटाटा असतो. ते लिहितात : "माझ्या पत्नीचे वय ३१. तीन वर्षांपूर्वी तिला एका डोळ्याने अंधुक दिसू लागले. पुढे पायांना मुंग्या आल्या, जडपणा आला. पुण्याला एम.आर.आय. काढल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिस असे निदान झाले. पाय लाकडासारखे ताठ होतात, रात्री पेटके येतात. त्यावर बॅक्लोफेनच्या गोळ्या चालू आहेत. पण दिवसा गुंगी असते. शिवाय छाती धडधडते, झोप लागत नाही, आपण अंथरुणाला खिळणार असेच ती बोलते. आई म्हणते, गोळ्यांनीच सून खचली, त्या बंद करा. कराव्यात का?"

बंधो, आधी उत्तर सांगतो, मग कारण. गोळ्या एकदम बंद करू नका. बरेच दिवस घेतलेली बॅक्लोफेन एका दिवसात तोडली, तर ताठरपणा पहिल्यापेक्षा जोराने उसळतो, ताप चढतो, भास होतात, फेफरेही येऊ शकते. प्रसंगी जिवावर बेतते. कमी करायची झाली तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, पायरीपायरीने. घरात आठ दिवसांच्या गोळ्या नेहमी शिल्लक असू द्या. सणासुदीला दुकान बंद होते म्हणून गोळी चुकली, असे होऊ नये.

आईंचे म्हणणे मायेपोटी आहे. पिंपरीला १९५४ साली पेनिसिलीनचा कारखाना उभा राहिला. त्या औषधांनी आपल्याला एक सवय लावली : चार-आठ दिवस औषध घ्यायचे, बरे व्हायचे, सोडून द्यायचे. हा आजार तसा नाही. विहिरीवरच्या मोटारीची केबल उंदराने कुरतडली की आत तार असूनही वीज नीट पोचत नाही. या आजारात शरीराची स्वतःचीच संरक्षक शक्ती मेंदू व मज्जारज्जूतील नसांवरचे आवरण कुरतडते. स्नायूला 'सैल पड' हा मेंदूचा निरोप पोचत नाही, म्हणून पाय ताठतात. हे सोंग नव्हे, आळस नव्हे, बाहेरचे काही नव्हे. हा आजार बहुधा विशी ते चाळिशीत दिसू लागतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होतो.

बॅक्लोफेन मज्जारज्जूत काम करून स्नायू सैल करते. ती थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. गुंगी येत असेल तर मात्रा किंवा वेळ बदलता येते, म्हणून हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सगळा ताठरपणा घालवणेही बरे नव्हे. दुबळ्या पायांना उभे राहायला त्याचाच टेकू असतो. मात्रा जास्त झाली तर पाय लटपटतात. गुंगी असेपर्यंत चुलीजवळ, विहिरीच्या काठी, कडबाकुट्टीपाशी एकटीला काम देऊ नका.

टिझानिडीन ही दुसरी गोळी आहे. तिने रक्तदाब उतरतो, म्हणून अंथरुणातून सावकाश उठावे. ती चालू असताना सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेऊ नये. लघवीच्या जळजळीवर हे औषध सर्रास देतात, तेव्हा प्रत्येक डॉक्टरांना चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. डायझेपाम ताठरपणा व धास्ती दोन्हींवर चालते. पण तिची सवय लागते, झापड येते. शेजारणीला लागू पडली म्हणून आणून देऊ नका. या गोळ्यांवर दारू किंवा झोपेचे दुसरे औषध घेतले तर श्वास मंदावण्याचा धोका असतो.

आता धास्तीचे. या आजारात ती पुष्कळांना होते आणि तिच्यावर इलाज आहे. धास्तीने स्नायू आणखी आखडतात, पेटक्यांनी झोप जाते, झोप गेली की धास्ती वाढते. असा हा घाण्याचा फेरा आहे. मन शांत करणारी काही औषधे रोज घ्यायची असतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तेव्हा आठ दिवसांत "उपयोग नाही" म्हणून सोडू नयेत. मूल हवे असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. मनातले बोलायला १४४१६ हा सरकारी 'टेलिमानस' फोन विनामूल्य आहे.

घरी एवढे पाहा. ताठरपणा अचानक वाढला तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, अंगावरची जखम किंवा घट्ट चप्पल यांपैकी काही आहे का, ते तपासा. पुष्कळदा कारण तिथेच सापडते. शिकवून घेतलेले ताणाचे व्यायाम रोज करवा. उन्हाने त्रास तात्पुरता वाढतो. दुपारची खुरपणी टाळा, ओला पंचा मानेवर ठेवा. या गोळ्या फक्त ताठरपणा कमी करतात. मूळ आजाराला आवर घालणारी औषधे वेगळी असतात. त्यांबद्दल मेंदूविकार तज्ज्ञांना विचारा.

तुमच्या पगारातून कामगार विम्याची वर्गणी कापली जात असेल, तर चिंचवडला मोहननगरमध्ये विमा रुग्णालय आहे. पत्नीचे नाव तुमच्या विम्यात लावले आहे ना, ते पाहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराची नोंद आहे, म्हणून तपासणी होऊन दाखला मिळू शकतो. १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काम करते. तिची पुण्यातही शाखा आहे. तिथे असाच आजार असलेली माणसे भेटतील.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे आईंनाही बरोबर न्या. गुंगी किती वेळ राहते, पेटके किती वाजता येतात, हे आठ दिवस वहीत टिपून ठेवा आणि वही दाखवा. गोळीबद्दलची तक्रार डॉक्टरांपाशी करावी. गोळी उकिरड्यावर टाकू नये. आणि सुनेला एकदा घरातल्या सगळ्यांनी सांगा, "तू खोटं बोलत नाहीस, हे आम्हाला कळलंय." तिला त्याचा मोठा आधार वाटेल.