तारखेचा घोळ आणि उसाची पाळी



पवन मावळातला शेतकरी लागणीची तारीख सांगताना म्हणतो, "आखाडी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी बेणं दाबलं." त्यात चूक नसते. चूक होते ती चिटबॉयच्या वहीतून तारीख संगणकात जाताना. विषय रुक्ष वाटेल. पण तोडणीची पाळी आणि उसाचे बिल, दोन्ही तारखेवरच ठरतात. म्हणून हे चार शब्द.

समजा, लागण ८ जुलैची आहे. वहीत लिहिले ०८/०७. आपण दिवस आधी लिहितो. पण अमेरिकन पद्धतीवर लावलेला संगणक महिना आधी वाचतो. त्याच्या लेखी ती ७ ऑगस्ट झाली! पाळी महिनाभर मागे गेली, खोडवाही तेवढाच लांबला. नुकसान कुणाचे? ज्याने पाणी घातले त्याचे. १५ जुलै असती तर चूक लगेच कळली असती, कारण पंधरावा महिना नसतो. घात करतात त्या बारापर्यंतच्या तारखा. उलट्या वाचल्या तरी खऱ्या वाटणाऱ्या अशा १३२ तारखा दर वर्षात असतात.

दुसरा घोळ तारीख नुसती अक्षरे म्हणून साठवण्याचा. मग संगणक पहिला आकडा आधी बघतो आणि ०२-०८ ला १५-०७ च्या आधी बसवतो. ऑगस्टची लागण पुढे, जुलैची मागे! त्यात सभासदाचा वशिला नाही की शेतकी खात्याचा डाव नाही. पण गावात बोभाटा व्हायचा तो होतोच.

तिसरा घोळ बिलाचा. काट्यावरच्या नोंदीत तारखेबरोबर वेळही असते. "१५ तारखेपर्यंतचा ऊस काढ" असे विचारले, तर संगणक १५ तारखेच्या मध्यरात्री शून्य वाजता थांबतो. त्या दिवशीच्या गाड्या पंधरवड्यातून गळतात. विचारायला हवे, "१ तारखेपासून, १६ च्या आत."

आणि गंमत बघा, गट नंबर १२/३ लिहिला तर हिशेबाच्या तक्त्यात त्याचीच तारीख होऊन बसते. उद्या सातबाराचीही होईल!

कोणी म्हणेल, इतकी वर्षं वहीवर चाललं, काय बिघडलं? अहो, वही वाचणारा माणूस शिवार ओळखत होता. यंत्र लिहिले तेवढेच वाचते.

आमच्या मते उपाय साधा आहे. स्लिपवर महिना अक्षरी आणि वर्ष चार आकडी लिहावे. संगणकात तारीख ही तारीख म्हणूनच साठवावी, आणि यादी पाठवताना वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवावा. १९८८ साली ठरलेली आंतरराष्ट्रीय रीतही हीच आहे. या क्रमाने लिहिलेल्या तारखा अक्षरे म्हणून लावल्या तरी पुढेमागे होत नाहीत. सभासदाला मात्र आपली नेहमीची तारीख छापून द्यावी.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाल्यास १५ टक्के व्याज. तो उशीर मोजायचा तर मुळात तारीख खरी हवी.

तेव्हा मंडळी, लागणीची पोच हातात आली की तिथेच वाचा. महिना चुकला असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. तोडणीच्या वेळी भांडून गेलेला महिना परत येत नाही.