पोटात पाणी असलेले रत्न

लग्नसराईत सराफाच्या पेढीवर मुलीसाठी अंगठी पाहता पाहता आईची नजर एका दुधी खड्यावर थांबते. बोट किंचित वळवले की खड्यात हिरवी ठिणगी दिसते, आणखी वळवले की तीच तांबडी होते. हा ओपल. तो घ्यावा की नाही, यावर घरात हमखास दोन मते पडतात. कुणी म्हणते शुक्राचा खडा आहे, लाभेल. कुणी म्हणते अपशकुनी आहे, बोटात घालू नये.

खड्यातल्या या रंगांनी बंगळूरमध्ये एका नोबेल विजेत्यालाही भुरळ घातली होती. सर चंद्रशेखर वेंकट रामन १९३३ साली भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून तेथे आले. रंगद्रव्याचा थेंबही नसताना रंग येतो कुठून, हा प्रश्न त्यांना कायम खुणावत असे. शिंपल्यांची झळाळी आणि पक्ष्यांच्या पिसांवरचे रंग यांवर त्यांनी १९३४ साली लेखन केले. १९४८ साली त्यांनी स्वतःची संशोधन संस्था उभारली. तेथील संग्रहालयात त्यांनी हौसेने जमवलेली रत्ने, खनिजे, शंख, फुलपाखरे आजही आहेत.

१९५३ साली रामन आणि त्यांचे विद्यार्थी ए. जयरामन यांनी ओपलच्या रचनेवर निबंध प्रसिद्ध केला. ओपलचे रंग त्याच्या आतल्या नियमित, थरांच्या रचनेतून उमटतात, असे त्यांचे म्हणणे होते. थरांचा तपशील पुढे टिकला नाही, पण मूळ विचार खरा ठरला. १९६४ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओपल पाहिला, तेव्हा आत सिलिकाचे एकसारखे गोळे दिसले. फराळाच्या डब्यात लाडू रचावेत, तसे ओळीने रचलेले! एका मिलिमीटरच्या लांबीत असे तीन ते सहा हजार गोळे मावतात. गोळे लहान असले तर निळा-जांभळा रंगच दिसतो. मोठे असले तर तांबडाही दिसतो. म्हणून ज्यात तांबडे चमकते, तो ओपल सहसा महाग.

गोळ्यांची रचना विस्कळीत असली की रंगांचा खेळ होत नाही. असा साधा ओपल आपल्या दख्खनच्या काळ्या कातळातील पोकळ्यांतही अकीक, गारगोटीच्या सोबतीने सापडतो. मौल्यवान ओपलची मोठी खाण म्हणजे ऑस्ट्रेलिया. लाइटनिंग रिजचा काळा ओपल सर्वांत मानाचा. मेक्सिकोचा अग्नि-ओपल नारिंगी असतो, तर इथिओपियाच्या वोलो भागातील ओपल २००८ नंतर बाजारात आला. तो पाणी शोषतो, भिजला की रंग हरवून पारदर्शक होतो आणि वाळला की हळूहळू पूर्ववत होतो.

ओपल हे नाव आपल्या 'उपल', म्हणजे दगड, या संस्कृत शब्दावरून गेले असावे, असे मानतात. गंमत म्हणजे आपल्या नवरत्नांत मात्र त्याला जागा नाही. हिऱ्याऐवजी घालायचे उपरत्न म्हणून ज्योतिषी तो सांगतात. अपशकुनाची गोष्ट तर युरोपातली आणि बरीच अलीकडची. सर वॉल्टर स्कॉट यांची एक कादंबरी १८२९ साली आली, त्यात ओपल घालणाऱ्या स्त्रीवर संकट येते. वाचकांनी तेवढेच धरून ठेवले. पुढे राणी व्हिक्टोरियाने आपल्या लेकींना ओपल भेट दिले, तरी बोलबाला संपला नाही.

तडकण्याचे कारण वेगळेच आहे. या रत्नाच्या पोटात पाणी असते, बहुधा वजनाच्या तीन ते दहा टक्के. एकदम कोरड्या हवेत, उन्हात वा दिव्याच्या उष्णतेत ते उडून गेले की खडा तडकू शकतो. शिवाय त्याचा कठीणपणा साडेपाच ते साडेसहाच; धुळीतली वाळू त्याहून कठीण. त्यामुळे रोज बोटात घालण्यापेक्षा तो कर्णफुलांत वा पदकात जास्त टिकतो.

विकत घेताना खडा बाजूने पाहावा. सरळ रेघ दिसली, तर ओपलची पातळ चकती दुसऱ्या दगडावर चिकटवलेली असते. वरून काचेचे किंवा स्फटिकाचे आवरण असेल, तर तो तीन थरांचा. असे खडे खोटे नव्हेत, पण अखंड ओपलच्या भावाने घेऊ नयेत. ते पाण्यात बुडवून ठेवले, तर चिकटवलेला थर सुटू शकतो. अखंड खडा कोमट पाण्यात मऊ कापडाने पुसावा, वाफेचे किंवा कंपनांचे यंत्र टाळावे. आणि वोलोचा ओपल असेल, तर स्वयंपाकाला लागण्यापूर्वी अंगठी काढून ठेवावी; तेल आणि हळद तो पाण्यासारखीच शोषून घेतो.