वकीलकाका, पावती द्या!

तालुक्याच्या गावी वडील, मुलगा, सून मिळून वकिली करतात. टाकलेली बाई आधी त्यांच्याच ऑफिसात जाते, कारण ते ‘आपले’ असतात. रात्री आठलाही दार उघडे असते, हे मान्य. पण ‘पोरी’ म्हटले की तिने हिशेब मागायचा नाही, हा नियम कोणी केला?

आमच्याकडे येणाऱ्या बायकांचे अनुभव तेच ते. फीची पावती नाही. वकीलपत्रावर सही घेतात, नक्कल देत नाहीत. पोटगी मिळाली की तीत वाटा मागतात. बार कौन्सिलच्या नियमांना हे मंजूर नाही. फी थकली म्हणून कागद अडवतात. वकिलाला तसा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले. आणि सासरच्या जमिनीचा दावाही त्याच टेबलावर असेल, तर ‘तडजोड कर’ हा सल्ला कोणाच्या हिताचा?

छोट्या वकिलांनाच का धरता, असे कोणी म्हणेल. मोठ्या वकिलांची पायरी गरीब बाई चढतच नाही, म्हणून.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागण्याचा हक्क आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. हे त्या ऑफिसात कोण सांगणार? आपणच सांगायचे.

मैत्रिणींनो, बाईला एकटी पाठवू नका. पावती मागा, तारखा वहीत लिहा, प्रत्येक कागदाची नक्कल गटाकडे ठेवा. जिव्हाळा हवाच, पण हिशेबासकट!